‘ताई, कुणाला सांगणार नाही ना?’ याला काय उत्तर द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या बॅडमिंटन क्लबच्या कार्यकारिणीने तुम्हाला ‘गोपनीय संपर्क व्यक्ती’ व्हाल का म्हणून विचारलंय. तुम्ही क्लबचे खजिनदार आहात, सगळ्यांशी तुमचं जमतं आणि तुमची मुलगी तिथेच खेळते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. या माणसाचं नेमकं काम काय? तक्रार आली तर चौकशी त्यानेच करायची का? आणि जाता जाता, एका ओळीत, एखाद्या मुलाने ‘कुणाला सांगू नका’ असं बजावून काही सांगितलं तर काय करायचं?

मी एका जलतरण क्लबात अकरा वर्षं हे काम करते आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तो शेवटचा, एका ओळीतला आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपोआप सापडतात. म्हणून तिथूनच सुरू करते, आणि माझ्या एका चुकीपासून.

दुसऱ्याच वर्षातली गोष्ट. संध्याकाळची बॅच संपली होती, तलाव रिकामा झाला होता आणि मी काठावर पडलेले किकबोर्ड गोळा करत होते. चौदा वर्षांची एक मुलगी मागे येऊन उभी राहिली. गॉगलचा रबरी पट्टा ताणायचा आणि मनगटावर सटकन सोडायचा, असं तिचं चाललं होतं. मनगट लाल झालं होतं. म्हणाली, “ताई, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?” मी म्हणाले, “नाही गं, अजिबात नाही. सांग.”

मग तिने सांगितलं. एक प्रशिक्षक तिला रात्री उशिरा मेसेज करायचा. आधी टायमिंगबद्दल, मग ‘आज फार छान दिसत होतीस’ असे, आणि मग ‘वाचलंस की डिलीट कर, आपल्या दोघांतच राहू दे’. मी ऐकून घेतलं, धीर दिला आणि घरी आले. पुढचे चार दिवस मी काहीच केलं नाही, कारण शब्द दिला होता. पाचव्या दिवशी मला ते पेलवेना आणि मी अध्यक्षांना सांगितलं. तिला आधी न सांगता. क्लबमधून तिच्या घरी फोन गेला आणि मी बोलले हे तिला आईवडिलांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

पुढचं रीतसर झालं. प्रशिक्षकाला कामावरून दूर केलं, बाहेरच्या यंत्रणेने चौकशी केली. ती मुलगी मात्र माझ्याशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही. तिचा राग किती रास्त होता हे कळायला मला बराच वेळ लागला. ‘आपल्या दोघांतच राहू दे’ हे त्या माणसाने तिला सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात मीही तिला वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं होतं. त्रास देणारा माणूस मुलाला गुपितात बांधून घेतो, त्याचं सगळं त्यावरच चालतं. त्याच मुलाशी आपण दुसरं गुपित करायचं नसतं, हेतू कितीही चांगला असला तरी.

तेव्हापासून माझं उत्तर ठरलेलं आहे. समोरच्याने तोंड उघडण्याआधी मी ते सांगते. “तू जे सांगशील ते मी चारचौघांत करणार नाही. ज्याला कळणं गरजेचं आहे त्यालाच सांगेन, आणि त्याआधी तुला सांगेन की कुणाला आणि का. पण तुला किंवा आणखी कुणाला धोका आहे असं वाटलं, तर ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही.” मोठ्यांशी बोलताना शब्द जरा बदलतात, मजकूर तोच.

तुम्ही म्हणाल, हे ऐकल्यावर कोण बोलेल? भीती रास्त आहे. काही जण तिथेच थांबतात. बहुतेक जण क्षणभर माझ्याकडे बघतात आणि बोलू लागतात. मला वाटतं, नियम आधी सांगणारं माणूस त्यांना जास्त भरवशाचं वाटत असावं. काही जण ‘काही नाही, सहज’ म्हणून निघून जातात आणि तीन-चार आठवड्यांनी परत येतात. एक मुलगा परत आलाच नाही. त्याचा विचार अजूनही मनात येतो, पण त्याला खोटा शब्द दिला असता तर बरं झालं असतं असं मात्र वाटत नाही.

आता, ‘धोका’ कशाला म्हणायचं आणि तो दिसल्यावर कुणाला कळवायचं, हे तुम्ही कुठे आहात यावर अवलंबून आहे. इथे सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या छत्राखाली अल्पवयीन खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या प्रौढांना बाल-अत्याचाराचा संशय आला की २४ तासांत कळवावं लागतं. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ लागू होतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा तो होण्याची धास्ती असलेल्या कुणालाही पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं त्यात बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. म्हणजे तिथे ‘आधी अध्यक्षांशी बोलतो, मग बघू’ ही पळवाट नाही. काही देशांत अशी सक्ती फक्त ठरावीक व्यवसायांवर आहे. तुमच्या ठिकाणचा नियम आणि तुमच्या क्रीडा संघटनेचा नियम, दोन्ही एका कागदावर लिहून काढा आणि जाणकार वकिलाकडून तपासून घ्या. हे काम स्वीकारण्याआधी करा. त्या मुलीने गॉगलचा पट्टा ताणायला घेतल्यावर कायदा शोधत बसता येत नाही.

प्रौढ माणूस स्वतःबद्दल सांगत असेल तर हिशोब वेगळा. पंचवीस वर्षांच्या खेळाडूला सहकाऱ्याच्या घाणेरड्या शेऱ्यांचा त्रास होतोय, तर पुढे जायचं की नाही हे तिने ठरवायचं. मी वाटा दाखवते. औपचारिक तक्रार कशी करतात, नोंद कुठे होते, तक्रार न करता काय करता येतं. मग ती म्हणाली, ‘आज नको’, तर आज नको. फक्त एक गोष्ट मी तिला सांगते. तोच माणूस मुलांच्या बॅचला शिकवत असेल तर माझे हात बांधलेले नाहीत, आणि तेही मी तिच्यापासून लपवणार नाही.

आता पहिला प्रश्न, काम काय. नेदरलँड्समध्ये क्लबांतून हे पद चांगलं रुळलेलं आहे. तिथे त्याला ‘फर्ट्राउवन्सकॉन्टॅक्टपेरसोन’ म्हणतात. (उच्चार जमेपर्यंत सराव संपतो.) ती क्लबमधली पहिली ओळखीची पायरी असते. ऐकून घेणारी, वाट दाखवणारी आणि कार्यकारिणीला प्रतिबंधाबद्दल सल्ला देणारी. ब्रिटनमध्ये फुटबॉल क्लबात ‘वेल्फेअर ऑफिसर’ असतो. त्याच्या हातात याहून जास्त असतं, कारण आलेली काळजी वरच्या संघटनेपर्यंत पोचवायची जबाबदारी त्याची. दोघांच्या पाट्या सारख्या दिसतात, कामं सारखी नाहीत. तुमच्या कार्यकारिणीला यातलं कोण हवंय हे आधी विचारा आणि लेखी घ्या. ‘सगळंच बघा हो तुम्ही’ असं उत्तर आलं तर समजा, त्यांनी विचार केलेला नाही.

हे पद कशासाठी लागतं, हे सांगायला मी दोनच उदाहरणं देते. अमेरिकन जिम्नॅस्टिक्समधला डॉक्टर लॅरी नासर, उपचारांच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार करणारा. त्याच्याबद्दल पहिली जाहीर बातमी सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या एका न्यायालयाने त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा दिली. पण त्याच्या एका पीडितेने नंतर सांगितलं की तिने १९९७ मध्येच प्रशिक्षकाला हे सांगितलं होतं. मधे एकोणीस वर्षं गेली. दुसरं इंग्लंडच्या फुटबॉलचं. १९७० ते २००५ या काळातल्या बाल-अत्याचारांवरचा शेल्डन अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. मुलांच्या संरक्षणाची व्यवस्था आणण्यात फुटबॉल असोसिएशनने १९९५ ते २००० दरम्यान अक्षम्य दिरंगाई केली, असा त्यात ठपका होता. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते. मुलं बोलत नव्हती हे खरं नाही. काही मुलं बोलली होती. ज्यांच्याजवळ बोलली त्यांना पुढे काय करायचं ठाऊक नव्हतं, किंवा ती माणसं आरोपीला आणि क्लबला इतकी जवळची होती की त्यांनी विश्वासच ठेवला नाही.

इथेच तुमच्या खजिनदारकीचा मुद्दा येतो. मला स्पष्ट बोलू द्या, दोन्ही खुर्च्या एकाच माणसाकडे नकोत. उद्या मुख्य प्रशिक्षकाबद्दल काही आलं, तर त्याला मानधनाचा चेक तुम्हीच देता, त्याच्यामुळे येणारी फी तुम्हीच मोजता, आणि तो गेला तर खड्डा किती पडेल हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. तुम्ही कितीही सरळ असलात तरी सांगायला येणारा माणूस हा हिशोब करणारच. संपर्क व्यक्ती कार्यकारिणीत नसावी, प्रशिक्षक नसावी, प्रशिक्षकाची नवराबायको किंवा व्याही तर नसावीच. शक्य असेल तर दोन माणसं नेमा, एक बाई आणि एक पुरुष, त्यातलं एक क्लबच्या रोजच्या राजकारणापासून लांबचं. तुमच्या मुलीमुळे अडतं का? तेवढ्याने नाही. पालक क्लबला आतून ओळखतात, हा फायदाच आहे. पण तिच्या बॅचमधलं काही आलं तर ते दुसऱ्या व्यक्तीकडे जाईल, हे आधीच ठरवून ठेवा.

चौकशीबद्दल माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. कारणं मात्र सांगायला हवीत, कारण मोह फार होतो. एखादी गोष्ट ऐकली की माणसाला लगेच वाटतं, जरा खात्री करून घ्यावी. त्या दिवशी तिथे असलेल्या दोघांना सहज विचारावं, त्या प्रशिक्षकालाच बाजूला घेऊन ‘काय रे, असं काय ऐकतोय’ म्हणावं. हे केलंत की तीन गोष्टी एका दमात बिघडतात. आरोपीला आधी कळतं आणि मेसेज, फोटो, जे काही असेल ते पुसलं जातं. साक्षीदार एकमेकांशी बोलतात आणि मग कुणी काय स्वतः पाहिलं आणि कुणी काय ऐकलं हे वेगळं करता येत नाही. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही नीट, तटस्थ चौकशी मिळायचा हक्क आहे, तो तुम्ही घाईने बुडवलेला असतो. मी पाहिलंय, खरी असलेली तक्रारसुद्धा पुढे ढिली पडते, कारण सुरुवातीला कुणीतरी भला माणूस ‘खात्री’ करायला गेलेला असतो.

मग ऐकताना विचारायचं काय? जवळजवळ काहीच नाही. ‘मग काय झालं?’, ‘जरा नीट सांगशील का?’, ‘हे कधीचं?’ एवढ्यावर भागतं. ‘त्यांनी तुला हात लावला का?’ हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. लहान मूल आपल्याला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं, आणि पुढे न्यायालयात कुणीतरी विचारतं की हे तिने सांगितलं की तुम्ही वदवलं? मूल थांबलं तर मीही थांबते. शांतता भरून काढायची घाई मला पूर्वी फार व्हायची. आता मी त्या वेळात मनातल्या मनात वीसपर्यंत मोजते.

आणखी एक. तुमचा चेहरा सांभाळा. मूल काय सांगतंय त्यापेक्षा ते सांगताना तुमच्या चेहऱ्यावर काय दिसतंय हे ते बघत असतं. ‘अरे देवा!’ म्हणालात की त्याला वाटतं, मी काहीतरी भयंकर केलं. ‘तो? शक्यच नाही!’ म्हणालात की संपलंच. मी तीन वाक्यांवर राहते. सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नाही. आता पुढे काय होईल ते सांगते.

नोंद त्याच दिवशी करायची, झोपण्याआधी. माझी एक साधी वही आहे. डाव्या पानावर त्या व्यक्तीचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असले तर बोबडे, शिवी असली तर शिवी. मुलाने शरीराच्या भागाला जो घरगुती शब्द वापरला तोच लिहायचा, वैद्यकीय शब्द घालायचा नाही. उजव्या पानावर माझं: तारीख, वेळ, जागा, कोण होतं, मी काय विचारलं, काय सांगितलं, पुढे कुणाला कळवलं. माझं मत असेल तर ‘माझं मत’ असं लिहून. जखम दिसली तर फोटो काढत नाही, दिसलं ते लिहिते. ही वही क्लबच्या कपाटात नसते, क्लबच्या कॉम्प्युटरवर तिची नक्कल नसते, आणि व्हॉट्सॲपवर यातली एक ओळही जात नाही. किती दिवस ठेवायची आणि नष्ट कशी करायची याचा नियम तुमच्या ठिकाणी असेल तर तो पाळा. मी पद सोडताना ती कुणाच्या हाती जाणार हेही आजच लिहून ठेवलंय.

आत्तापर्यंतचं एकत्र बांधून देते, कारण पुढचं थोडं वेगळं आहे. आधी मर्यादा सांगा, मग ऐका. कमी विचारा, त्याच दिवशी लिहा. तपास करू नका. कळवायचं असेल तर ज्याचं आहे त्याला आधी सांगून कळवा. जीव धोक्यात असेल तर हे सगळं बाजूला ठेवून थेट पोलीस किंवा रुग्णवाहिका.

हे वाचून तुम्हाला वाटेल की रोज अंगावर काटा येणाऱ्या गोष्टी ऐकाव्या लागतील. तसं नाही. माझ्याकडे येणारं बहुतेक काही वेगळंच असतं. वजनावरून सगळ्यांसमोर टोमणे. दुखावलेल्या खांद्याने पोहायला लावणं. ‘रडायचं असेल तर घरी जा’ हे रोजचं. कपडे बदलायच्या खोलीत एकाच मुलाला रोज बाहेर काढणारी टोळी. काठावर उभं राहून स्वतःच्या मुलाला शिव्या घालणारा बाप. क्लबमधली मोठी मंडळी याला ‘खेळात एवढं चालायचंच’ म्हणतात. ब्रिटिश जिम्नॅस्टिक्सवरचा व्हाइट अहवाल जून २०२२ मध्ये आला, तेव्हा चारशेहून जास्त लोकांनी आपलं म्हणणं मांडलं होतं. त्यात मुलांवर ओरडणं, वजनावरून छळणं, दुखापतीवर सराव करायला लावणं, अन्नपाणी अडवणं हेच फार मोठ्या प्रमाणात होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१६ च्या निवेदनात मानसिक छळ हाच बाकी सगळ्या छळांच्या मुळाशी असतो असं म्हटलंय, ते मला माझ्या तलावावर अनेकदा पटलं. ज्या मुलाला दोन वर्षं ‘तुझं मत कुणी विचारलं?’ असं ऐकवलं गेलंय, ते पुढे कशालाच ‘नको’ म्हणू शकत नाही.

अशा वेळी औपचारिक तक्रारीची वाट क्वचितच उपयोगी पडते. कधी मी नुसती बरोबर बसते आणि ते मूल किंवा त्याची आई स्वतः प्रशिक्षकाशी बोलतात. कधी नाव न घेता कार्यकारिणीला सुचवते: वजन सगळ्यांसमोर करू नका, अल्पवयीन खेळाडूंना एकेकट्याने मेसेज करू नका, गट करा आणि त्यात एक पालक ठेवा, कुठलाही प्रौढ एका मुलाबरोबर बंद खोलीत नको. असे नियम तक्रार येण्याआधी केले की कुणालाच आरोप वाटत नाहीत. आल्यावर केले की सगळ्यांना कळतं ते कुणामुळे.

एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते. कार्यकारिणीला वर्षअखेरीस अहवाल हवा असतो. नाव देऊ नका, फक्त आकडे द्या, असं सगळे सांगतात. मोठ्या क्लबात ते चालतं. साठ सदस्यांच्या क्लबात ‘तक्रार १, मुलींची बॅच, प्रशिक्षकाबद्दल’ असं लिहिणं म्हणजे नाव लिहिणंच आहे, कारण मुलींची बॅच एक आणि प्रशिक्षक एक. मी एकदा असं लिहिलं आणि सभेत तीन माना एकाच दिशेला वळलेल्या पाहिल्या. आता मी लिहिते, ‘या वर्षी सदस्यांनी संपर्क साधला. त्यावरून तीन सूचना’. कुणी विचारलं, ‘नाव राहू द्या, पण मुलगा की मुलगी एवढं तरी?’ तर हसून गप्प बसते. आणि कुणी अभिमानाने सांगितलं, ‘आमच्याकडे पाच वर्षांत एकही तक्रार नाही’, तर मला ते प्रशस्तिपत्र वाटत नाही. मी विचारते, संपर्क व्यक्तीचं नाव तुमच्या बारा वर्षांच्या मुलांना माहीत आहे का?

ज्याच्यावर आरोप होतो तोही तुमच्याकडे येईल. माझ्याकडे एक प्रशिक्षक आला होता, घाबरलेला. ‘माझ्याबद्दल कुणी काही बोललंय का?’ एवढंच वारंवार विचारत होता. कुणी बोललं असेल तर सांगायचं नाही, आणि कुणी बोललं नसेल तर तेही सांगायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तुमच्या गप्प बसण्यातूनच त्याला उत्तर मिळेल. मी म्हणाले, ‘मी कुणाहीबद्दल हो किंवा नाही म्हणत नाही, आणि हा नियम तुमच्यासाठीही तसाच आहे.’ त्याला आधाराची गरज होती आणि ती खरी होती. म्हणून दुसऱ्या संपर्क व्यक्तीचा नंबर दिला. दोन्ही बाजू एकाच माणसाने सांभाळायच्या नाहीत.

आणि तुमचं कुणी ऐकायचं? हे पद देताना याचा विचार कुणी करत नाही. ज्या रात्री ती वही मिटवून झोप येत नाही, त्या रात्री बायकोला किंवा नवऱ्याला सांगायचं नसतं. बाहेरचं एक माणूस हवं, ज्याला नाव न सांगता बोलता येईल. तुमच्या क्रीडा संघटनेचा मदत कक्ष असेल तर तो, नाहीतर समुपदेशक. होकार देण्याआधी ही अट घाला. प्रशिक्षणाची अटही घाला, आणि वर्षातून एकदा ते पुन्हा करायची. पहिल्या दोन वर्षांत मी एकही घेतलं नव्हतं, त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

खजिनदारी सोडणार असाल तर हे काम जरूर घ्या. मग पहिल्या आठवड्यात एक पाटी लावा. आमची जुनी पाटी होती: ‘तक्रार असल्यास संपर्क साधावा’, कार्यालयाच्या दारावर, अध्यक्षांच्या टेबलासमोर. दोन वर्षांत त्या पाटीमुळे कुणीही आलं नाही. ती काढून मी शौचालयांच्या दारांवर आतल्या बाजूने छोटे कागद लावले. माझा फोटो, क्लबचा नसलेला फोन नंबर, बोलण्याचे दोन दिवस आणि वर एवढंच: ‘काहीतरी खुपतंय? बोलू या. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवू.’ दर हंगामाच्या पहिल्या दिवशी ओल्या केसांच्या मुलांसमोर उभं राहून मी कोण ते मिनिटभरात सांगू लागले. पहिला फोन आला तो मुलाचा नव्हता. पासष्ट वर्षांच्या आमच्या टाइमकीपरांचा होता. त्यांनी एकोणीसशे बहात्तर सालची, वेगळ्याच क्लबातली एक गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर बराच वेळ गप्प होते, आणि मग म्हणाले, ‘ताई, यात आता तुम्हाला काही करायचं नाहीये. फक्त लिहून घ्या.’ मी डाव्या पानावर लिहून घेतलं.